स्टेपनीने मोजलेले दगड

“ओरडून घसा बसला, पण माझं कुणी ऐकेल तर शपथ!” जीपच्या पाठीला टांगलेली म्हातारी स्टेपनी करवादली. गाड्यांचे अवयव आपसात बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. मालकाने हौसेनं चारही चाकं काढून मोठी बसवली होती. जुन्या मापाची ती एकटीच उरली होती.

“काट्या, तू चाळीस दाखवतोस, पण गाडी त्याहून जोरात पळतेय.”

“आजी, बारा वर्षं वेग सांगतोय. खोटं बोललोय कधी?” काटा फणकारला.

नवी चाकं खिदळली, “टांगलेल्या म्हातारीला पळण्यातलं काय कळतंय?”

“मेल्यांनो, पुढं घाट आहे! गाडीत मालकाची बाळंतीण लेक बाळाला घेऊन बसलीय. काट्या, तू किलोमीटर मोठ्यानं मोज. मी मागून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजते.”

काट्याचे नऊ झाले, तोवर तिचे दहा दगड मागे गेले होते. काटा चपापला. तो जुन्याच चाकाच्या मापानं फेऱ्या मोजत होता, आणि नवं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापत होतं. वळण समोर येताच त्यानं जोर लावून स्वतःला पुढं ढकललं. वेग बघून मालकानं दचकून ब्रेक दाबला. जीप कठड्यापासून वीतभर अंतरावरून वळली. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

“आजी, तुझे उपकार फिटायचे नाहीत,” काटा म्हणाला.

“आमचं चुकलं, आजी,” चाकं नरमली.

“तुमचं कसलं चुकतंय? मोठं असणं काय गुन्हा आहे? आणि काट्याला कुणी सांगितलंच नाही. चाकं बदलून काट्याला तसाच ठेवणारा एकच, आपला मालक भिकोबा खुटवड!”