राजकन्येच्या ताटातला मुळा

फार जुनी नव्हे, मधल्याच काळातली गोष्ट. राजे-राण्या अजून राज्य करत होत्या आणि पाठीवर अडकवायचे फवारणीचे पंप नुकतेच बाजारात आले होते. अशा त्या काळात एका छोट्या राजवाड्यात म्हाळसाबाई नावाची एक स्वयंपाकीण होती. तिच्या हाताला अशी चव होती, की रुसलेला माणूसही तिची कोशिंबीर बघून आधी जेवायचा आणि मग रुसायचा.

गावात भाजी पिकवणारी दोन माणसं होती. एक भागूबाई, म्हाळसाबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. ती शेणखत घालायची आणि किडीला कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी मारायची. दुसरा रखमाजी. तो बाजारातून खत आणायचा आणि कीड पडली की पंपाने औषध फवारायचा.

त्यावरून गावाचे दोन तट पडले होते. "रखमाजीची भाजी म्हणजे विष!" असं अर्धं गाव म्हणायचं. "भागूची भाजी म्हणजे शेणातले किडे!" असं उरलेलं अर्धं. एकदा तर दोन व्याही यावरून लग्नाच्या पंगतीतून उठून गेले होते. म्हाळसाबाई भागूच्या बाजूची. रखमाजीच्या वांग्याकडे ती बघायचीसुद्धा नाही.

एके दिवशी राणीने तिला बोलावलं. राजकन्या माहेरी आली होती आणि तिला सातवा महिना लागला होता.

"म्हाळसाबाई, आठव्या दिवशी डोहाळजेवण," राणी म्हणाली. "पोरीला सगळं कच्चं आणि कुरकुरीत खावंसं वाटतंय. मुळा, काकडी, कोथिंबिरीची चटणी. भाजी निर्धोक हवी. कोणाकडून घ्यायची?"

"त्यात विचारायचं काय, राणीसाहेब? भागूकडून!" म्हाळसाबाई म्हणाली.

राणीने तिथल्या तिथे दवंडी पिटवली, की डोहाळजेवणाच्या भाजीचा मान भागूबाईचा.

भागूला आनंद मावेना. म्हाळसाबाई तिच्या मळ्यात गेली, तेव्हा मुळ्याचे वाफे हिरवेगार डोलत होते. भागूने एक मुळा उपटला, पदराला पुसला आणि मैत्रिणीच्या हातात दिला.

"धुवायचा नाही का गं?" म्हाळसाबाईने विचारलं.

"माझ्या मळ्यात औषधाचा थेंब नाही. धुवायचं काय त्यात? खा बिनघोर!"

म्हाळसाबाईने तो करकरून खाल्ला. गोड होता, तिखटही होता. तिने आणखी एक मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र म्हाळसाबाईच्या पोटात असा गोळा उठला, की सगळ्या राजवाड्याला जेवू घालणारी बाई तांब्या घेऊन परसाकडे पळत सुटली. तीन दिवस तिचं हेच चाललं. पेज आणि ताक यापलीकडे काही पोटात ठरेना. वैद्यांनी विचारलं, "कच्चं काय खाल्लंत?" तेव्हा मुळ्याखेरीज दुसरं काही तिला आठवेना.

चौथ्या दिवशी दुपारी ती उठून बसली, तर दारात रखमाजी उभा. हातात ताकाचा तांब्या.

'आला मला हसायला,' म्हाळसाबाई मनात म्हणाली. पण रखमाजी हसला नाही. त्याने तांब्या खाली ठेवला आणि तब्येत विचारली. म्हाळसाबाईलाच लाजल्यासारखं झालं.

"रखमाजी, चुकलं माझं," ती म्हणाली. "डोहाळजेवणाची सगळी भाजी आता तुमच्याकडून घेते. काकडी कोवळी आहे ना?"

रखमाजीचे डोळे चमकले. असा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता. पण मग तो डोकं खाजवायला लागला.

"कोवळी आहे, पण ती घेऊ नका," तो म्हणाला. "कालच औषध मारलंय. सात दिवस तोडायची नाही असं डब्यावर लिहिलंय, आणि जेवण तर चार दिवसांवर आलंय."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"तुम्हाला नसतं कळलं. पण ती खाणार दोन जिवांची पोर," रखमाजी म्हणाला. "मुळा मात्र खुशाल न्या. औंदा त्याला कीड नाही, तर औषध कशाला मारू? खतही बाजारचं घातलंय, शेण नाही."

म्हाळसाबाई बघतच राहिली. ज्याच्या भाजीला ती इतकी वर्षं विष म्हणत आली, त्याच्या मुळ्यावर औषध नव्हतंच. तिने कधी विचारलंच नव्हतं.

ती उठली आणि तशीच भागूकडे गेली. वाटेत ती दोनदा थांबली. राणीला खरं सांगावं तर भागूचा मान जाणार. गप्प बसावं तर तोच मुळा राजकन्येच्या ताटात पडणार.

"भागू, तुझा मुळा मला बाधला," ती म्हणाली. "वाफ्यात काय घातलं होतंस?"

भागू भडकली. "माझा मुळा? मैत्रीण म्हणवतेस आणि दवंडी पिटल्यावर असं बोलतेस?"

"मैत्रीण आहे म्हणून तर आधी तुझ्याकडे आले. राणीसाहेबांकडे नंतर जाणार आहे."

भागू मटकन बांधावर बसली.

"मुरलेलं खत संपलं होतं गं," ती हळूच म्हणाली. "राजवाड्याला नेहमी जातो तो मुळा चांगला पोसावा म्हणून मागच्याच आठवड्यात ओलं शेण पाण्यात कालवून ओतलं. वर्षभर खड्ड्यात कुजवायचं असतं ते. मला ठाऊक होतं. पण वाटलं, शेणच तर आहे, त्याने काय होतंय?"

म्हाळसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चल, दोघी मिळून जाऊ."

राणीसमोर म्हाळसाबाईने तोंड उघडलं, पण भागूच पुढे झाली. "राणीसाहेब, माझ्या मुळ्यांना कच्चं शेण लागलंय. ते खाऊन म्हाळसा आजारी पडली. माझे मुळे नकोत," ती एका दमात म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

राणी चमकली. "मग रखमाजीची भाजी घ्या!"

"त्यांच्या काकडीवर कालच औषध मारलंय," म्हाळसाबाई म्हणाली. "त्यांनीच सांगितलं."

"मग माझ्या लेकीने खायचं काय? वारा?"

म्हाळसाबाईला हसू आलं. "पोटभर खाईल, राणीसाहेब. मुळा रखमाजींचा घेऊ. भागूची काकडी आणि कोथिंबीर गेल्या वर्षीच्या मुरलेल्या खतावरची आहे, मी वाटेत विचारून घेतलंय, ती घेऊ. आणि कोणाचीही असली तरी वाहत्या पाण्यात चोळून धुवू."

डोहाळजेवणाच्या दिवशी भागू आणि रखमाजी राजवाड्याच्या विहिरीपाशी शेजारी बसून भाजी धूत होते. रहाटाचं पाणी पन्हळीतून धो धो वाहत होतं. भागूने कोथिंबिरीची काडीन् काडी तीनदा धुतली. "आता तिचा रंग जाईल," रखमाजी म्हणाला, तेव्हा कुठे ती थांबली. राजकन्येने मुळ्याच्या चार फोडी खाल्ल्या, खमंग काकडी दोनदा मागून घेतली आणि चटणीची वाटी बोटाने पुसून काढली. कोणाचंही पोट दुखलं नाही.

राणीने मान दोघांनाही दिला. म्हाळसाबाई बाजारात गेली की आता दोघांच्याही टोपल्यांपुढे बसते आणि विचारते, "औषध कधी मारलं? खत मुरलेलं होतं का?" तिचं बघून बाकीच्या बायकाही विचारायला लागल्या. भागू आणि रखमाजी आधी वैतागले, पण आता कोणी विचारायच्या आतच सांगून टाकतात.

तात्पर्य: शेणखताची म्हणून भाजी शुद्ध होत नाही आणि औषधाची म्हणून विषारी ठरत नाही. पिकवणाऱ्याने खरं सांगावं, घेणाऱ्याने विचारून घ्यावं, आणि जिवलग मैत्रिणीने दिलेला मुळाही धुवूनच खावा.