उतार एकास बारा

“पण मी पाठवलं होतं की नाही, बाई? तेवढंच सांगा. हो की नाही?”

सारंग उपळेकरने लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात वळवला. उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून त्याने हाताची सावली धरली.

बाई म्हणजे आर्किटेक्ट नलिनी कुपेकर. कॉलेजात त्यांनी सारंगला रेघ मारायला शिकवलं होतं आणि पास झाल्यावर आपल्याच ऑफिसात घेतलं होतं. सत्तरी उलटली तरी त्यांनी साइटवर यायचं सोडलं नव्हतं. आत्ता त्या आजरा रस्त्यावरच्या एका नव्या प्रसूतिगृहाच्या अंगणात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर रॅम्प होता. गाडीतून उतरवलेल्या बाईला स्ट्रेचरवरून थेट आत नेण्यासाठी बांधलेला.

तो रॅम्प उभा होता, आणि चढही उभाच होता.

काल वाळूची पोती ठेवून स्ट्रेचरची चाचणी घेतली. अर्ध्यावर ढकलणाऱ्यांचे हात सुटले. स्ट्रेचर मागे आला तो दवाखान्याच्या आया पार्वतीबाईंच्या पायावर. घोट्याचं हाड मोडलं.

“बघा,” सारंग म्हणाला. “रॅम्पचं ड्रॉइंग. तिसरी दुरुस्ती. कधी पाठवलं, कुणाला पाठवलं, सगळं आहे. आणि ही हिरवी खूण. म्हणजे साइटवर शकीलने ते उघडलंय. उघडलंय, बाई! आणि तरी बांधकाम केलं जुन्या ड्रॉइंगवरून.”

बाई रॅम्पकडे बघत होत्या.

हे सॉफ्टवेअर ऑफिसात सारंगनेच आणलं होतं. पूर्वी कुठलं ड्रॉइंग साइटवर आहे आणि कुठलं ऑफिसात, याचा मेळ लागत नसे. आता कितवी दुरुस्ती कुणाच्या हातात आहे, ते एका क्लिकवर कळायचं. इतर ऑफिसांतले लोक ते बघायला यायचे. सारंग त्यांना चहा पाजून समजावून सांगायचा, आणि त्याची मान जरा ताठ व्हायची.

“दवाखान्याच्या ट्रस्टला मी सकाळीच सांगितलं,” तो म्हणाला. “असला अडाणी इंजिनीअर साइटवर नको. उद्यापासून शकील येणार नाही.”

“काय बदललं होतंस?” बाईंनी विचारलं.

“कशात?”

“तिसऱ्या दुरुस्तीत.”

“उतार. आधी एकास आठ होता. मी एकास बारा केला. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तसाच पाहिजे स्ट्रेचरला.”

“बदल दाखवायला त्याच्याभोवती लाल रेघेचा ढग काढतात. कुठे आहे?”

सारंगने पडद्यावर बोट सरकवलं. “काढला होता... पाठवताना बंद केला. प्रिंट फार गचाळ दिसत होती.”

“फक्त हेच पान पाठवलंस?”

“नाही. पूर्ण संच. सगळ्याच पानांवर तिसरा क्रमांक टाकला. एकसारखं राहतं.”

“आणि शेऱ्यात काय लिहिलंस?”

सारंगने पडदा आपल्याकडे वळवला. पलीकडे गवंडी आणि मजूर सावलीला बसले होते. रॅम्प फोडायचं यंत्र आणून ठेवलेलं होतं, पण कुठून कुठपर्यंत फोडायचं ते अजून ठरत नव्हतं.

“वाच ना,” बाई म्हणाल्या.

“किरकोळ दुरुस्ती.”

“एकास आठ कुणी काढला होता?”

“ते जुनं ड्रॉइंग होतं, बाई.”

“सारंग.”

“चूक सुधारली होती ना मी!” तो ओरडलाच. सावलीतल्या मजुरांनी माना वळवल्या. “माझ्या लक्षात आली, मी सुधारली, पाठवली! आणखी काय करायचं माणसाने? दवंडी पिटायची? शकीलचं काम काय आहे मग? त्याला डोळे नाहीत? पगार कशाचा घेतो तो? सगळी नोंद माझ्या बाजूने आहे, आणि तुम्ही मलाच विचारत बसलाय!”

बाईंनी ऐकून घेतलं. मग व्हरांड्याकडे हात केला. तिथे दवाखान्याच्या कोऱ्या चाकांच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात उभ्या होत्या.

“एक घेऊन ये.”

त्याने आणली. वेष्टन त्याने असं फाडलं, जणू कुणाचा सदरा फाडतोय. बाई उठल्या, त्या खुर्चीत बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली.

“ढकल. वर.”

“बाई, हे काय आता...”

“ढकल.”

त्याने ढकललं. राग अंगात होता, त्यामुळे पहिले काही फूट जोरात गेले. मग खुर्ची जड होऊ लागली. बाई काटक होत्या, वजन फारसं नव्हतं. तरी अर्ध्यावर पोचेपर्यंत त्याचा श्वास फुलला आणि बूट सिमेंटवर घसरू लागले. त्याने दोन्ही हात ताठ केले, खांदा पुढे घातला आणि तो कसाबसा थांबला. वरही जाता येईना, खालीही येता येईना.

“आता सोड,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“हात सोड.”

“बाई, काय बोलताय? मागे पडाल तुम्ही!”

“तू ढकललंस की नाही?”

“ढकललं, पण...”

“सगळ्यांनी बघितलंय. नोंद तुझ्या बाजूने आहे. सोड.”

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. आवाज चढला नव्हता. पण कॉलेजात त्या एखाद्याचं ड्रॉइंग वर्गासमोर टराटरा फाडायच्या, तेव्हाही त्यांचा आवाज असाच असायचा. बाई संतापल्या आहेत, हे सारंगला आत्ता कळलं. तो आल्यापासून त्या संतापलेल्याच होत्या.

त्याच्या तळहातांना घाम सुटला. मूठ निसटायला लागली. बाईंचा पांढरा अंबाडा त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर होता. काल पार्वतीबाईंनी किंकाळी फोडली तेव्हा सारंग साइटवर नव्हता. त्याला फोनवर कळलं होतं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या त्याने पहिलं काय केलं होतं? लॅपटॉप उघडून हिरवी खूण बघितली होती.

“नाही सोडणार,” तो म्हणाला.



तो एकेक पाऊल मागे घेत, पाठीने वाट चाचपत खाली आला. खुर्ची सपाटीला लागली.

बाई उठल्या. पदर सारखा केला.

“केबिनमध्ये प्रिंटर आहे. ते एकच पान काढ. ढगासकट. शेऱ्यात काय बदललं ते लिही. आणि शकीलला नेऊन दे. माणसं सकाळपासून बसून आहेत.”

सारंग केबिनमध्ये गेला. बंद केलेला ढग त्याने पुन्हा चालू केला. रॅम्पभोवती लाल, जाड, वेडावाकडा. ‘किरकोळ दुरुस्ती’ हे शब्द खोडले. त्याने लिहिलं, आधीच्या ड्रॉइंगमधला उतार चुकीचा. एकास आठऐवजी एकास बारा. रॅम्पची सुरुवात फाटकाच्या बाजूला सरकवली आहे. आजवर इतका स्वच्छ शेरा त्याने लिहिला नव्हता. पान निघालं, त्याने गुंडाळी केली आणि तो बाहेर आला. त्याला हलकं वाटत होतं. थोडं मोठंही वाटत होतं.

शकील मुजावर रॅम्पच्या पायथ्याशी उभा होता. हातात आखणीसाठी चुन्याचं घमेलं होतं. संध्याकाळपर्यंत साइट त्याचीच होती.

“शकील,” सारंग म्हणाला, “चूक माझी होती.”

शकीलने वर बघितलं नाही. “हां.”

“मी उतार बदलला होता आणि धड सांगितलं नव्हतं.”

“आत्ता सांगताय?” शकीलने घमेलं खाली आपटलं. चुना उडाला. “मी फोन केलता तुम्हाला. आठवतंय? संच आला त्याच दिवशी. म्हटलं, साहेब, नेमकं काय बदललंय? सगळ्या पानांवर नवा नंबर आहे, मी काय काय ताडून बघू? काय म्हणाला तुम्ही?”

सारंगला आठवलं. आत्ता, या क्षणी आठवलं. तो गाडी चालवत होता.

“म्हणाला, किरकोळ आहे, काम थांबवू नका,” शकील म्हणाला. “रॅम्पचा नुसता पाया तेव्हा भरलेला होता. थांबवलं असतं मी. एका शब्दानं थांबवलं असतं.”

“माझ्या लक्षात नव्हतं, खरंच...”

“ट्रस्टच्या माणसांपुढं अडाणी म्हणाला मला. त्या बाईचा पाय माझ्या डोळ्यांदेखत मोडलाय. तिला उचलून गाडीत मी घातलं. रात्रभर मी विचार करतोय की माझंच कुठं चुकलं, मीच कुठंतरी बघायला चुकलो. आणि तुम्हाला माहीत होतं!”

“ट्रस्टला मी सांगतो. आजच सांगतो.”

“सांगा जावा.”

“मला माफ कर, शकील.” सारंगने हात जोडले. मजूर बघत होते, तरी जोडले.

“न्हाई करत.”

“अरे, मी सगळ्यांसमोर...”

“न्हाई करत म्हटलं ना! तुमचं मन मोकळं करायची जबाबदारी पण माझीच का? सरका बाजूला.”

शकीलने घमेलं उचललं आणि तो पाठ फिरवून मजुरांकडे निघून गेला.

सारंग तिथेच उभा राहिला. कानशिलं तापली होती. एवढं खाली वाकलो, चारचौघांत वाकलो, आणि हा माणूस...? मघाचा राग पुन्हा चढू लागला. तो तरातरा अंगण ओलांडून बाईंकडे आला.

बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या.

“तो माफ करत नाही,” सारंग म्हणाला. “मी सगळं कबूल केलं, बाई. काहीही लपवलं नाही. हात जोडले. तरी नाही म्हणतो. आता यापुढे मी काय करायचं?”

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्याच्या काखेतल्या गुंडाळीकडे. मग पलीकडे, हातावर हात धरून बसलेल्या माणसांकडे.

“माफी मागायला मी पाठवलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ड्रॉइंग द्यायला पाठवलं होतं.”