मैदानाची किल्ली

फुटबॉल माझ्याइतका अख्ख्या कोल्हापुरात कुणाला कळत नाही. जन्मात एकच गोल केला, तोही आपल्याच संघावर.

आमच्या पेठेची सुनयना साळोखे आशिया चषकासाठी भारताच्या संघात निवडली गेली. पेठेचा फुटबॉल संघ आणि मैदान सांभाळणाऱ्या तालमीचे अध्यक्ष बाजीअण्णा यांनी चौकात फलक लावला, त्यात पोरीपेक्षा स्वतःचा फोटो मोठा. पण तिनं शिबिराआधी आठ दिवस सरावाला मैदान मागितलं, तर किल्ली खिशातच.

"पोरांचा सराव बुडतोय. रविवारी शेजारच्या पेठेशी सामना हाय."

"माझा जपानशी आहे, अण्णा."

"जपानचं ऱ्हाऊ दे! पेठेत नाक कापलं गेलं तर?"

"खरंय, जपानी काय चौकात येऊन चिडवणार नाहीत," मीही तेल ओतलं.

सुनयना शांतपणे म्हणाली, "पण पत्रकार विचारणारच, सराव कुठं केलास. तुमचं नाव तर मी घेणारच, अण्णा. मैदान दिलं म्हणून घेऊ, की कुलूप लावलं म्हणून?"