ओला ओटा

“रोज दिवेलागणीलाच का पाणी पडतं ओट्यावर?”

मी पुजाऱ्याला विचारलं, टाळकऱ्यांना विचारलं. मुद्दाम ओततात म्हटलं, तर एकानंही विश्वास ठेवला नाही. हारवालीचं तोंड वाईट, म्हणाले. असेल वाईट. डोळे चांगले आहेत.

मठाच्या दारात माझी फुलांची पाटी. समोर मठाचा दगडी ओटा. रस्ता रुंद करताना अनसाबाईची झोपडी गेली, तेव्हापासून ती आणि तिचा नवरा हणमा त्या ओट्यावर निजायचे. पौषाची थंडी. हणमाच्या छातीत कफ, अंगात ताप.

आणि मठाचे प्रमुख रावजीबुवा, त्यांचा नवा शिष्य अच्युत, चांगला शिकलेला, नेमका त्यांच्या अंथरूण टाकायच्या वेळेला चार बादल्या ओतायचा. दगड सकाळपर्यंत वाळत नसे.

रावजीबुवांना मी तीनदा सांगितलं. तीनदा हसले. “अहो गोदाबाई, सेवा करतो तो. मठ कसा आरशासारखा ठेवलाय बघा.”

चौथ्यांदा मी बोललेच नाही. हणमाची गोधडी उचलली, आत नेली आणि बुवांच्या मांडीवर टाकली.

बुवांनी ती चाचपली. हात मागे घेतला. परत चाचपली...

मग ती तशीच खांद्यावर घेऊन बाहेर आले. हणमा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याच्या शेजारी, ओल्या दगडावर, बुवांनी फतकल मारली.

अच्युत धावत आला.

“बुवा, आरती खोळंबलीय.”

“खोळंबू दे. बस.”

“इथं?... ओलं आहे.”

“असं का?”

अच्युत बसला. आधी धोतर सावरत होता, मग तेही सोडून दिलं. शेजारी हणमा खोकत होता.

“मी मठ स्वच्छ ठेवत होतो.”

“कशापासून?”

“दारात माणसं पसरलेली... बरी दिसत नाहीत, बुवा. भक्त येतात.”

“त्यांना वाट ठेवतो की आम्ही,” अनसाबाई म्हणाली. “पाय दुमडूनच निजतो.”

बुवांनी कनवटीची किल्ली काढून अच्युतपुढे धरली. “उत्सवाची खोली उघड.”

“तिथं सतरंज्या आहेत. कोऱ्या.”

“म्हणून तर.”

अनसाबाई काही उठेना. “किती दिवस, महाराज? मागनं हाकलायचं असलं तर आत्ताच सांगा. आजारी माणूस सारखा उचलवत नाही मला.”

“घर मिळेस्तोवर. आत्ता डॉक्टर बोलवू. उद्या नगरपालिकेत घराचा अर्ज द्यायचा, पत्ता मठाचा घालायचा. रांगेत अच्युत उभा राहील.”

अच्युतनं हणमाला पाठीवर घेतलं.

मला तेवढ्यावर भागेना. आरतीची सगळी मंडळी टाळ हातात घेऊन दाराशी आली होती.

“बुवा, आता सगळ्यांदेखत सांगा. चुकलं कोण? नाव घ्या.”

अच्युत उंबऱ्यात थांबला. कुणाचं नाव येणार ते त्याला ठाऊक होतं. मलाही.

बुवा अजून दगडावरच बसले होते. तिथूनच म्हणाले,

“रावजीबुवा.”