रस्त्यापलीकडची तानूबाई

“मग सहा ठेवू की चार, बाबा? एवढंच सांगा.”

इंजिनिअर हृषीकेश मिरजगावे याने नकाशा लतीफबाबांच्या सतरंजीवर पसरला. शहराच्या पोटातून जाणारा सहापदरी हमरस्ता मोडून तिथे माणसांसाठी रस्ता करायचं काम त्याच्याकडे होतं. झाडं, बाकडी, सायकलींची वाट, सगळं त्याने असं आखलं होतं की बघत राहावं. स्वतःच्या हुशारीवर त्याचा भारी जीव, पण हुशारी खरी होती.

अडलं होतं एकाच जागी. गाड्यांसाठी किती पदर सोडायचे ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. वरिष्ठ सहावर अडून बसलेले, त्याचं मन चारकडे. एकदा काँक्रीट पडलं की पुढची पन्नास वर्षं त्यात बदल होणार नव्हता.

याच रस्त्यालगतच्या दर्ग्याच्या पायरीवर बसणाऱ्या या फकिराकडे भलीभली माणसं विचारायला येत. म्हणून तोही आला होता.

बाबांनी नकाशा नीट पाहिला. “छान आहे,” म्हणाले.

“पण किती?”

तोंडाशी हात धरून बाबांनी रस्त्यापलीकडे जोरात हाक मारली. “तानू...”

पलीकडे फुटाण्यांची पाटी घेऊन बसलेली म्हातारी मान खाली घालून पुड्या बांधत राहिली.

तानूबाई आणि बाबा चाळीस वर्षं समोरासमोर बसत होते. रस्ता लहान होता तेव्हा बसल्या जागेवरून दोघांच्या गप्पा चालत, भांडणंही. मग तो सहापदरी झाला, मधे लोखंडी कठडा आला. पादचारी पुलाच्या पायऱ्या दोघांच्याही गुडघ्यांना झेपेनात. गेली एकोणीस वर्षं ती दोघं एकमेकांना नुसता हात करत होती.

“वय झालंय, ऐकू येत नसेल,” हृषीकेश म्हणाला.

“कान शाबूत आहेत तिचे, बेटा.”

मधून धडधडत जाणाऱ्या गाड्यांकडे पाहून हृषीकेश वरमला...

मोजणीसाठी आज वाहतूक थांबवायची परवानगी त्याच्याकडे होतीच. त्याने फोन काढला आणि दोन्ही चौकांतल्या पोलिसांना पाच मिनिटं गाड्या अडवायला सांगितलं.

शेवटचा ट्रक गेला. रस्ता रिकामा झाला...

बाबांनी पुन्हा हाक मारली. या वेळी बेतानेच.

“तानू.”

म्हातारीने मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“लतीफ, तू बोललास व्हय रं?”

“मीच.”

“आवाज बारीक झालाय तुजा.” तिने पदराने तोंड पुसलं. “आमचं मालक गेलं. सात वर्सं झाली. लोकांनी सांगितलं असंल तुला. पन मला सांगायचं हुतं.”

“सांग,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ती सांगू लागली. दुखणं, दवाखाना, सुनेने केलेली सेवा, नातीचं बाळंतपण. ऐकता ऐकता हृषीकेशलाही गलबलून आलं.

फोन वाजला. पाच मिनिटं संपली होती. दोन्हीकडे रांगा लागल्या होत्या, पोलीस विचारत होते, सोडू का?

“बाबा, गाड्या सोडायला हव्यात. तेवढं चटकन सांगा, किती ठेवू?”

बाबांनी पलीकडे लागलेली नजर न काढता हात वर केला.

“थांब जरा. तिचं बोलणं अजून व्हायचंय.”