काचेवरचे ओरखडे

विषय: परवाना अधिकारी बोंद्रेसाहेबांच्या जुन्या डिजिटल घड्याळाची काच.
संदर्भ: घड्याळजी वायंगणकर यांचा टपरीच्या परवान्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा अर्ज.

वायंगणकरांनी नवी काच बसवलेले घड्याळ आणि काढलेली जुनी काच साहेबांपुढे ठेवली.

साहेब गुरकावले, "माझीच काच घासून चकचकीत केलीत आणि नवी म्हणून बसवलीत! ही ओरखड्यांची दुसऱ्याच कुणाची."

"आपलीच, साहेब. 'उद्या या' म्हणताना आपण घड्याळ बांधलेला हात टेबलावर आपटता. हा ओरखडा गणपतीतला, हा दिवाळीतला. समोर मीच उभा होतो. माझे ओरखडे मी ओळखणार नाही?"

कारकुनांनी फायलींत तोंडं लपवली. साहेबांनी घड्याळ बांधलं आणि हात अलगद हवेत धरून म्हणाले, "उद्या या."

नव्या काचेवर अद्याप ओरखडा नाही. अर्ज प्रलंबित आहे.