जुन्या डिस्कवरची बाई

"पण बुवा, पुसून टाकायला हरकत काय आहे?"

प्रद्युम्न उभ्यानंच विचारत होता. बुवांसमोर उभं राहून बोलायची मठात रीत नव्हती. पण आज त्याला रीतीची शुद्ध नव्हती. त्याच्या हातात बोटभर जाडीची एक काळी डिस्क होती आणि कपाळावरची शीर ताठली होती.

बुवा चटईवर बसून तांदूळ निवडत होते.

"काय पुसतोयस?"

"ह्या डिस्कवरचं. दुसऱ्या कुणाचं तरी भरलेलं आहे आत."

"कुणाचं?"

"कुणाचं का असेना! डिस्क मी विकत घेतली आहे. जागा आपली आहे."

बुवांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला...

स्वरूपबुवांचा मठ बार्शीच्या बाहेर, ज्वारीच्या रानात. मठ म्हणजे एक सभामंडप, एक कोठी आणि बुवांची खोली. बुवा रोज सकाळी प्रवचन करत. ऐकायला आसपासची माणसं येत, कधी पुष्कळ, कधी अगदी मोजकी.

प्रद्युम्न कुंभोजकर सोलापूरच्या एका कंपनीत संगणक अभियंता होता. बुवांचा तो शिष्य, आणि आपण बुवांचा शब्दन् शब्द जपतो याचा त्याला अभिमान. एका बँकेनं मोडीत काढलेला संगणक आणून त्यानं कोठीत मठाचा सर्व्हर उभा केला होता. मंडपात कॅमेरा बसवला होता. प्रवचन झालं की ते आपोआप त्या सर्व्हरवर जाऊन साठायचं, आणि भक्तांना आपापल्या फोनवर ऐकता यायचं.

अलीकडे तो सर्व्हर रडू लागला होता. जागा संपत आली होती. आतली जुनी डिस्क टकटक वाजायला लागली होती, आणि डिस्क वाजायला लागली की ती फार दिवसांची सोबतीण नसते, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

मठाची नवं घेण्याची ऐपत नव्हती. मग प्रद्युम्ननं सोलापूरच्या जुन्या बाजारात फेऱ्या मारल्या. एका बंद पडलेल्या कचेरीच्या संगणकातला प्रोसेसर मिळाला. कुठून मेमरी मिळाली, कुठून पंखा. सगळं झाडून-पुसून त्यानं स्वतः बसवलं आणि यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्या दिवशी तो कोठीत एकटाच हसत उभा होता.

राहिल्या होत्या डिस्क. त्याही वापरलेल्याच घेतल्या. एक स्वच्छ, रिकामी निघाली. दुसरी बाहेरून वायरीनं जोडायच्या प्रकारातली होती. तिचं प्लास्टिकचं कवच फोडून ती आत बसवायचा त्याचा बेत होता. फोडण्याआधी तपासायला म्हणून जोडली, तर आत एका अनोळखी बाईचा आवाज. एक नाही, शेकडो ध्वनिफिती.

"त्या मोडवाल्या कलशेट्टीनं पुसलीसुद्धा नाही!" प्रद्युम्न म्हणाला. "माणूस जुनी पातेली विकतो तरी विसळून देतो. आणि हे बघा, वरून ही घाण."

कवचाच्या पाठीवर डिंकाचे वाळलेले थेंब होते. बोलता बोलता तो ते नखानं खरवडत होता.

"बाई काय म्हणते?" बुवांनी विचारलं.

"शाळेचं पुस्तक वाचते, बुवा! भूगोल!"

"लाव."

"आत्ता? ऐकण्यासारखं काही नाही हो त्यात..."

"लाव."

प्रद्युम्ननं लॅपटॉप उघडला. खोलीत एक साधा, थोडा बसका आवाज आला.

"हं, पान उलटते आता. इथं चित्र आहे, नीलू. डोंगर सुरीनं उभा कापावा तसा दाखवलाय. आत थर आहेत. भाकरीवर भाकरी ठेवतो ना आपण दुरडीत, तसे. सगळ्यात वरची भाकरी करपलेली आहे. ती म्हणजे आपली काळी माती. थांब हं, दूध ठेवलंय..."

पावलं गेली. कुठंतरी भांडं वाजलं. पावलं परत आली.

"नाही गेलं उतू. हं, तर करपलेल्या भाकरीच्या खाली..."

बुवांनी सूप बाजूला सारलं. ते चटईवरून उठले. आणि ती चटई सोडून, पुढ्यातल्या उघड्या फरशीवर, मंडपात माणसं त्यांच्यासमोर बसत तसे, मांडी घालून लॅपटॉपसमोर बसले.

प्रद्युम्नला ते पाहवेना.

"बुवा, काय करताय हे? उठा!"

"श्..."

"अहो, हे पुस्तक दुकानात मिळतं! तुमचं बोलणं कुठल्या दुकानात मिळणार आहे? तिकडे ती जुनी डिस्क आज मरते की उद्या मरते अशी आहे. मी जागेसाठी जीव टाकतोय, आणि तुम्ही—"

बुवांनी वळून पाहिलं. त्यांची नजर चांगलीच तापलेली होती.

"आंधळ्या पोरीला आई चित्र दाखवतेय," ते म्हणाले. "तुला मध्ये बोलवतं तरी कसं?"

प्रद्युम्ननं लॅपटॉपकडं पाहिलं. इतक्या ध्वनिफिती त्यानं चाळल्या होत्या. पण बाई चित्रं का सांगत बसते, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

धडा संपेपर्यंत बुवा हलले नाहीत.

"ही पोर कुठं आहे?" मग त्यांनी विचारलं.

"मला कसं ठाऊक असणार?"

"विचार की."

"कुणाला?"

"ज्याच्यावर चिडला आहेस त्याला."

*

कलशेट्टीचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत संगणकांची हाडं रचलेली. प्रद्युम्न तिथं शिरला तो भांडायच्याच तयारीनं.

"लोकांच्या घरातलं खासगी सामान असं विकता? लाज नाही वाटत?"

"ओ साहेब, ओरडू नका की," कलशेट्टी म्हणाला. "आम्ही काय आत उघडून बघतो का? मोडीचा माल येतोय, आम्ही विकतोय. तुम्हाला स्वस्तात पाहिजे होतं. आता आतलं बघून रागावलाव."

"कुठून आली ही डिस्क?"

"जुळे सोलापुरातलं एक घर आहे. म्हेत्रे म्हणून. आई गेली, पोरानं खोली रिकामी केली. कपाट, पंखा, संगणक, सगळं एकदमच दिलं. पत्ता पाहिजे का? मीच टेम्पो घेऊन गेलतो."

पत्ता मिळाला, तरी प्रद्युम्नचा राग गेला नाही. बाहेर पडल्यावर तो उलट वाढला. आईची खोली अशी घाऊक विकणारा तो मुलगा कोण आहे ते एकदा बघायचंच, असं त्यानं ठरवलं.

त्याच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता. बाईचे सगळे धडे त्यानं त्यावर उतरवून घेतले होते. तो नीलूला द्यायचा, डिस्क नुसती ओळखीपुरती दाखवायची आणि मठासाठी परत आणायची, असा त्याचा हिशेब होता. न्यायाचाच होता. तिला आवाज मिळाला, मठाला जागा मिळाली.

दार एका तरुण बाईनं उघडलं. तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी स्थिर होते.

"नीलू... म्हणजे, आपणच का?"

ती दचकली. "मला घराबाहेर कुणी नीलू म्हणत नाही. नीलांबरी म्हेत्रे. कोण तुम्ही?"

त्यानं सांगितलं. सांगता सांगता भावाचा विषय निघाला आणि त्याचा आवाज पुन्हा चढला. "तुमच्या भावानं मोडीत विकली हो ही! बहिणीला एका शब्दानं विचारू नये?"

"दादाला वाटलं, संगणक बंद पडलाय आणि ती त्याचीच कसली तरी डबी आहे," नीलांबरी म्हणाली. "मी अंध शाळेत शिकवते. घरी आले तर रिकाम्या खोलीत नुसता माझाच आवाज घुमायला लागला. त्या दिवशी मी दादाला जे बोलायचं ते बोलले. तुम्ही नका बोलू... कुठं आहे?"

प्रद्युम्ननं डिस्क तिच्या हातात दिली. दुसरा हात खिशात, पेन ड्राइव्हवर.

तिनं डिस्क उलटी केली. अंगठ्यानं कवचाची कड शोधली आणि मधलं बोट सावकाश पाठीवरून फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम हसू फुटलं.

"आई डिंकाची टिंबं घालायची. ब्रेल शिकली होती माझ्यासाठी. प्रत्येक वस्तूवर नाव. डब्यांवर, कपाटावर. हे बघा, हा 'नी'..."

बोट पुढं सरकलं. थांबलं. मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

"पुढचं कुठं गेलं?"

प्रद्युम्ननं आपल्या नखाकडं पाहिलं.

"इथं होतं," ती म्हणाली. तिचं बोट त्याच जागी फिरत राहिलं. "पूर्ण नाव होतं. कुणीतरी खरवडलंय. नखानं खरवडलंय हो! कोण असतं असं? हात कसा धजला?"

कलशेट्टीचं नाव सांगता आलं असतं. भावाचंही चाललं असतं.

"मी," प्रद्युम्न म्हणाला. "मीच खरवडलं."

"का?"

"...मला घाण वाटली."

 नीलांबरीनं डिस्क छातीशी धरली आणि तिच्या पाठीवर तळहात झाकला, पुन्हा कुणाचं नख तिथं पोचू नये तसा.

"तुम्ही आणून दिलीत, त्याचे उपकार आहेत," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज संतापानं कापत होता. "पण आता जा तुम्ही."

तो गेला. खिशातला हात त्यानं बाहेर काढलाच नाही.

*

मठात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. बुवा मंडपाच्या पायरीवर बसले होते. प्रद्युम्न त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं, नखाचंसुद्धा.

बुवा ऐकत राहिले.

"डिस्क तिच्याकडंच आहे?"

"मागायला तोंड होतं का मला?"

"रागावली तुझ्यावर?"

"रागावली. बरोबरच आहे तिचं."

"हं..."

 कोठीतून जुन्या डिस्कची टकटक ऐकू येत होती. ती ऐकता ऐकता प्रद्युम्नचा राग पुन्हा चढला. फक्त आता तो कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं.

"सांगा ना, मी करू काय?" तो एकदम म्हणाला. "ती टकटक ऐकताय ना? आजच त्यातली कितीतरी प्रवचनं उघडेनात. प्रोसेसर बदलला, मेमरी बदलली, रविवार न् रविवार त्या बाजारात हाडं उपसली. कशासाठी? आणि शेवटी हातात एकच डिस्क उरली, तिच्यावर तुमचं अर्धंसुद्धा मावत नाही! कुठलं टाकू आणि कुठलं ठेवू? तुम्हाला याचं काहीच कसं वाटत नाही? तुमचंच बोलणं आहे ते!"

तो थांबला. बुवांवर आपण इतक्या मोठ्यानं ओरडलो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बुवांना त्याचा राग आला नव्हता. ते कोठीकडं बघत होते.

"त्या बाईनं पोरीची सगळी शाळा वाचली," ते म्हणाले. "ती मावली होती का एका डिस्कवर?"

"मावली होती. वर जागाही उरली होती."

"कुणासाठी वाचायची ती?"

"...मुलीसाठी."

"आणि मी कुणासाठी बोलतो?"

हे उत्तर प्रद्युम्नला तोंडपाठ होतं. भक्तांना, गावातल्या लोकांना, देणगी मागताना त्यानं ते किती वेळा ऐकवलं होतं. तो ताठ बसला.

"सगळ्या जगासाठी, बुवा. पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी."

बुवा उठले. धोतराला लागलेली धूळ त्यांनी झटकली.

"म्हणून जागा पुरत नाही."